पिवळं वाक्य

रुचिरा मगदूमच्या प्रबंधातलं नेमकं तेच वाक्य पिवळं झालं, ज्याच्यावर अख्खा प्रबंध उभा होता.

येरळा विद्यापीठाच्या उगम-कक्षात ती सकाळपासून कपाळाला पट्टी बांधून बसली होती. समोरच्या पडद्यावर तिचीच वाक्यं एकेक करून येत होती. ती वाचायची आणि वाक्याखाली रंग उमटायचा. हिरवा म्हणजे स्वतःचं. निळा म्हणजे वाचलेलं आणि तसा संदर्भ दिलेलं. लाल म्हणजे लबाडी, म्हणजे वाचूनही न सांगितलेलं, किंवा न वाचताच संदर्भसूचीत घुसडलेलं. पिवळा क्वचित दिसायचा. पिवळा म्हणजे ऐकलेलं. कुणीतरी तोंडाने बोललं, तुमच्या डोक्यात राहिलं आणि आज तुमच्या नावावर कागदावर उतरलं.

चौथ्या प्रकरणात ते वाक्य आलं. 'नव्या पेवाच्या भिंतींना जुन्या पेवाची माती लावली, तर नवं पेव पहिल्याच वर्षी जुन्यासारखं वागू लागतं.' रुचिराने ते जरा ऐटीतच वाचलं. पिवळं. तिने पुन्हा वाचलं. पिवळं.

"पट्टी सैल झालीय का बघता जरा?" तिने कक्षातल्या बाईंना विचारलं. बाईंनी पट्टी आवळली. वाक्य पिवळंच राहिलं, आणि खाली बारीक अक्षरं आली. प्रथम परिचय: परिसंवाद कक्ष, साठवणशास्त्र विभाग, पहिलं वर्ष. वक्ता: नोंद नाही.

सांगली भागात हळद साठवायला जमिनीत पेवं खणत. वरून घागरीच्या तोंडाएवढं, आत उतरलं की खोलीएवढं. हळद भरायची आणि तोंड बंद करून टाकायचं. आतली हवा हळदच संपवते, आणि किडे गुदमरून मरतात. उन्हाळे वाढले, वीज बेभरवशाची झाली, शीतगृहातली बियाणी नासायला लागली, तेव्हा सगळ्यांना पुन्हा पेवांची आठवण झाली. पण नवी पेवं दगा देत होती. पहिली काही वर्षं त्यांतलं बियाणं सडायचं, जुन्या पेवांतलं मात्र टुकटुकीत राहायचं. रुचिराने दाखवून दिलं की जुन्या भिंतींच्या मातीत वस्तीला आलेले सूक्ष्मजीव आतला प्राणवायू झपाट्याने फस्त करतात, आणि ती माती कालवून नव्या भिंतींना लिंपली की नवं पेवही तसंच वागतं. विभागात या गिलाव्याला 'मगदूम लेप' म्हणायला लागले होते. त्याच्याच जोरावर तासगावच्या बियाणे बँकेने तिला संशोधन अधिकारी म्हणून नेमलं होतं. अट एकच होती, पदवी या सत्रात हातात पाहिजे.

आता ही पट्टी काय करते तेही सांगायला हवं. ओळखीची गोष्ट समोर आली की मेंदू पापणी लवायच्या आत दचकतो. नव्या गोष्टीला तो दचकत नाही. पट्टी हे दचकणं टिपते आणि त्याचा ठसा जपून ठेवते. संशोधक प्रवेश घेतो त्या दिवसापासून विद्यापीठाच्या आवारात पट्टी कपाळावर असते. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कुठे आणि कधी भेटली ते यंत्राला कळतं. कुणी सांगितली ते कळत नाही, कारण आवाज टिपायला कायद्याने बंदी आहे. आणि माणसाच्या डोक्याची तर रीतच अशी, की ते गोष्ट एका जागी ठेवतं आणि सांगणारा दुसऱ्या जागी. त्यात सांगणारा आधी हरवतो. आपण विनोद वर्षानुवर्षं सांगत राहतो, पण तो आपल्याला कुणी सांगितला होता हे कुणाला आठवतं?

पुढे पट्ट्या घरोघरी पोहोचल्या आणि नुसता उच्छाद झाला. 'हे तुझं मत आहे की तुझ्या आईचं?' या प्रश्नाला आता पुरावा मिळायला लागला. रुचिराच्या नवऱ्याने, प्रथमेशने, लग्नाच्या वाढदिवसाला तिला चार ओळी बोलून दाखवल्या होत्या. तिने थट्टेत पट्टी पुढे केली, तर चारही ओळी पिवळ्या. दोघं हसले खरे, पण त्यानंतर त्याने तिला पुन्हा काही बोलून दाखवलं नव्हतं.

तर असं ते पिवळं वाक्य घेऊन रुचिरा मार्गदर्शकांकडे गेली. डॉ. कुंभोजकर सर चहा पीत होते.

"पिवळं? एवढंच ना?" सर म्हणाले. "माझं नाव टाक. 'कुंभोजकर, परिसंवादातील चर्चा.' झालं काम."

"पण सर, तुम्ही हे बोलला होता का?"

"मगदूम, मार्गदर्शक परिसंवादात काय काय बोलत असतो! सगळं का लक्षात राहतं?"

सरांचं नाव टाकणं ही विभागाची जुनी चाल होती. संदर्भसूचीतली सुरुवातीची काही नावं सरांच्या लेखांची असायची, कुणी ते वाचलेले असोत वा नसोत. उगम-यंत्र आलं त्या वर्षी सगळ्यांच्या प्रबंधांत सरांचे लेख लालभडक झाले आणि विभागाची पार शोभा झाली. तेव्हापासून सगळे विद्यार्थी पट्टी बांधून सरांचे लेख निमूट वाचून काढू लागले. या यंत्रामुळे संशोधनाचा दर्जा वाढला, असं सर सभांमधून सांगत. स्वतः सरांना मात्र पट्टी लागत नव्हती. मार्गदर्शकांना चाचणीतून सूट होती, आणि तो नियम मार्गदर्शकांनीच केला होता.

"मार्गदर्शकाचं नाव चालतं. दुसरं कुणाचं टाकलंस तर काय होईल माहीत आहे ना?" सर म्हणाले. "मुख्य विधानच दुसऱ्याचं निघालं तर परीक्षक विचारणार, मग तुझं काय? प्रकरण परत. तासगाववाले काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहेत?"

ते खरंच थांबणार नव्हते. रुचिरा मान डोलवून बाहेर पडली, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिला खरंच आठवत नव्हतं. ते वाक्य तिला इतकं आपलं वाटत होतं, की हे आपल्याला सुचलं तेव्हा आपण कुठे उभ्या होतो तेही ती सांगू शकली असती. वसतिगृहाच्या जिन्यात. हातात ओले कपडे. आणि यंत्र म्हणत होतं, बाई, हे तुला त्याच्या कितीतरी आधी भेटलं होतं.

रविवारी सकाळी तिने प्रथमेशला पोह्यांच्या बशीसकट समोर बसवलं आणि कपाळाला पट्टी बांधली.

"त्या वर्षी परिसंवादाला कोण कोण असायचं त्यांची नावं मी लिहिलीत. तू एकेक नाव घे आणि पुढे ते वाक्य वाच. 'अमका म्हणाला, नव्या पेवाच्या भिंतींना' असं."

"आणि तुझी पट्टी चोर पकडणार?"

"चोर मीच आहे रे. मला सावकार सापडत नाहीये."

प्रथमेश वाचत गेला. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पिवळी रेघ तेवढीच जाड राहत होती. सरांच्या नावाला तर ती आणखी बारीक झाली. शेवटी त्याने वाचलं, "अस्मा सतारमेकर म्हणाली," आणि तो पुढचं वाचायच्या आत रेघ पडदाभर पसरली.

"ही कोण?"

रुचिराचा घास तोंडातच राहिला. "माझ्या शेजारी बसायची. मिरजेची. पहिल्या वर्षानंतर सोडून गेली. आम्ही तिला ताकवाली म्हणायचो."

"ताकवाली? का?"

"काय माहीत," रुचिरा म्हणाली. "आठवत नाही."

प्रथमेशने बशी खाली ठेवली. "हे बघ, सरांचं नाव टाकून मोकळी हो. तुझा लेप तू चार वर्षं मातीत हात घालून केलास. ती निघून गेली. कुणाला कळणार आहे?"

"हे तुझं मत आहे की सरांचं?" ती पटकन बोलून गेली. प्रथमेश उठून आत निघून गेला. आपण उगाच बोललो हे तिला कळलं, पण माफी मागायला जाण्याऐवजी ती मिरजेच्या गाडीची वेळ बघत बसली.

अस्माच्या घरी अंगणात तंबोऱ्याचे भोपळे सुकायला टांगलेले होते. तिचे भाऊ वाद्यं बनवायचे. अस्मा स्वतः मिरजेच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती आणि बरी सुखात दिसत होती. तिने रुचिराला ओळखलं, पण उठून जवळ आली नाही.

"बस की. चहा घेतीस?" अस्मा म्हणाली. "काम काढूनच आली असशील."

रुचिराने सगळं सांगितलं. पिवळं वाक्य, रेघ, नियम. ज्याचं नाव द्यायचं त्याने पट्टी बांधून ते वाक्य ऐकायचं. त्याचा मेंदू दचकला, तर मूळ वक्ता सिद्ध झाला. नुकतं ऐकलेलं-वाचलेलं यंत्र धरत नसे, जुनी ओळखच धरायचं. सोडून गेलेल्यांचे जुने ठसे विद्यापीठ कायद्याने पुसून टाकतं, त्यामुळे आता दुसरा मार्गच नव्हता.

"बांध," अस्माने कपाळ पुढे केलं. "एकदाचं होऊन जाऊ दे."

रुचिराने वाक्य वाचलं. पडद्यावर जो रंग आला तो तिने आजवर चाचणीत कधी पाहिला नव्हता. पांढरा. पांढरा म्हणजे नवं, कधीच न भेटलेलं. तिने पुन्हा वाचलं, शब्द बदलून वाचलं, अस्माचं नाव घेऊन वाचलं. सगळं पांढरं.

"तुला आठवतच नाही?" रुचिराने विचारलं.

"मी त्या परिसंवादात काय काय बोलले असेन, गं. एक दिवस तेवढा आठवतो. मी काहीतरी विचारलं आणि सर म्हणाले, 'मग सतारमेकर, सगळ्यांना ताकही देणार का?' अख्खा वर्ग हसला. त्यानंतर पोरं मला ताकवाली म्हणायला लागली. त्या दिवसानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. वर्ष संपलं, निघून आले." अस्माने पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "तू माझ्या शेजारी बसली होतीस. सगळ्यांत मोठ्यानं तू हसलीस."

अंगणात कुणीतरी भोपळ्यावर पॉलिशचा कागद घासत होतं. रुचिरा ते ऐकत राहिली, आणि मग एकदम सगळं जागेवर येऊन बसलं. सर ताकावर कशावरून गेले असतील?

"विरजण," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस, जुन्या पेवाची माती नव्याला लावून बघायची का, विरजणासारखी. म्हणून सर ताकावर गेले. अस्मा, ते तूच बोललीस."

"असेल," अस्मा म्हणाली. "मला नाही आठवत. मला हसणं आठवतं."

रुचिराला रडू आलं आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटलं. जिची कल्पना होती तिच्याकडे नुसतं हसणं उरलं होतं, आणि जी हसली ती कल्पना घेऊन घरी गेली होती.

"नको टाकूस माझं नाव," दारापर्यंत सोडायला आलेली अस्मा म्हणाली. "शेजारणीकडून विरजण नेलं तर कुणी परत आणून देतं का? दूध तू तापवलंस. दही तुझं."

"मग मी हसायला नको होतं," रुचिरा म्हणाली.

घरी पोचेपर्यंत यंत्राने निकाल लावून टाकला होता. मूळ वक्ता सिद्ध न झाल्यास विधान लेखकाचं समजावं, असा नियम होता. वाक्य हिरवं झालं होतं, अगदी गवतासारखं. सरांचा निरोपही आला होता. 'सुटलीस. आता छपाईला दे.'

ती सुटली होती आणि तिला घरात एका जागी बसवत नव्हतं. तिने भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. प्रथमेशची माफी मागितली. तो म्हणाला, "आता तर यंत्रच म्हणतंय तुझं आहे. आता काय राहिलं?" तिला सांगता येईना. सरांचं नाव टाकलं असतं तर ते खोटं आहे हे निदान तिला माहीत असतं. या हिरव्या रंगाने तिला खोटं बोलायचीसुद्धा गरज ठेवली नव्हती. नुसतं गप्प बसलं की काम भागत होतं, आणि गप्प बसायला ती चांगलीच तयार झालेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने संदर्भसूची उघडली. हल्ली संदर्भ हाताने कुणी लिहीत नसे. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की कंसाबाहेर, हे सगळं यंत्रच बघायचं. पण तिला जे लिहायचं होतं त्याला यंत्रात जागाच नव्हती. पुस्तक, लेख, अहवाल, मुलाखत, व्यक्तिगत संवाद असे सगळे कप्पे होते. हसण्यात बुडालेल्या वाक्याला कप्पा नव्हता. मग तिने हाताने लिहिलं. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी लिहून टाकलं:

सतारमेकर, अस्मा. विभागीय परिसंवादात, पहिल्या वर्षी, विरजणाचा दाखला देऊन सुचवलेली कल्पना. मार्गदर्शकांनी ताकाचा विनोद केला. उपस्थित हसले, प्रस्तुत लेखिकाही.

यंत्राने संदर्भ तपासला. पुरावा नाही. संबंधित व्यक्तीच्या पट्टीवर पांढरा. अख्ख्या प्रबंधात ती एकच नोंद लाल झाली. रुचिराने ती ओळ अस्माला पाठवली आणि मगच प्रबंध दाखल केला. अस्माचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'खुली परीक्षा कधी आहे?'

खुल्या मौखिक परीक्षेला कुणीही यावं अशी रीत असते, म्हणजे घरचे येतात. सासूबाई करंज्यांचा डबा घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रथमेश शेवटच्या रांगेत. शेवटी सभागृहातून प्रश्न घेतात तोही ठरलेला असतो. सरांनी एका धाकट्या विद्यार्थ्याच्या हातात तो लिहून दिला होता. रुचिरा कपाळाला पट्टी बांधून व्यासपीठावर उभी होती. घोकलेलं उत्तर कोणतं आणि सुचलेलं कोणतं ते परीक्षकांना दिसावं म्हणून तिच्या पट्टीचे रंग मागच्या पडद्यावर उमटत होते. अस्मा दाराशी उभी होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी थेट सूचीचं पान उघडलं. "हा कुठल्या पद्धतीचा संदर्भ आहे?"

"कुठल्याच नाही, मॅडम. पद्धतीत बसला नाही."

"यंत्राने तुम्हाला हिरवा दिला होता. तुम्ही स्वतःहून लाल करून घेतलात?"

"हो."

सर खुर्चीत चुळबुळले. "मॅडम, विद्यार्थिनी जरा भावनेच्या भरात..."

"सतारमेकर इथे आहेत का?" बाईंनी विचारलं. अस्मा पुढे आली. तिला पट्टी बांधली गेली आणि बाईंनी ती नोंद सावकाश मोठ्याने वाचली. विरजणाचा दाखला, पांढरा. कल्पना, पांढरा. 'ताकाचा विनोद' म्हणताच पडदा पिवळाधमक झाला. 'प्रस्तुत लेखिकाही' म्हणताना तो इतका भडकला की पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. अस्मा ताठ उभी होती. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "हसणं सिद्ध झालं. पण हसण्यावरून कल्पना सिद्ध होते असा नियम नाही. आणि तुम्ही स्वतःच मुख्य विधानाला दुसरं नाव जोडलं आहे. हे प्रकरण मला असं मंजूर करता येणार नाही. नव्याने लिहावं लागेल, पुढच्या सत्रात." तासगावचं पद गेलं, हे रुचिराला कळलं. टेबलाची कड धरून ती म्हणाली, "ठीक आहे, मॅडम."

"नियमाप्रमाणे सभागृहातून प्रश्न घेऊ," बाई म्हणाल्या. सरांचा विद्यार्थी चिठ्ठी उघडून उठला, पण त्याच्या आधी एक हात वर गेला होता. अस्माने कपाळावरची पट्टी सोडून हातात घेतली होती.

"पेव एखादं वर्ष रिकामं राहिलं तर?" अस्माने विचारलं. सुरुवातीला आवाज बसलेला होता, मग मोकळा झाला. "मातीतले ते जीव उपाशी मरतात की नुसते झोपतात? मरत असतील तर हा लेप दरवर्षी नव्याने लावावा लागणार. झोपत असतील तर त्यांना उठवायचं कशानं? ते बघितलंस का?"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. रुचिराच्या पट्टीचा रंग पांढरा झाला होता, कोऱ्या कागदासारखा. चार वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"नाही बघितलं," रुचिरा म्हणाली. तिने फळ्यावरचा खडू उचलला. आधी लिहिलं, अस्मा सतारमेकर. मग सभागृहाकडे वळून बघितलं. कुणीही हसत नव्हतं.

"आता पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग, अस्मा. मी लिहून घेतेय."